विश्लेषण : पाणी कमी तापवूनही घर उबदार कसे राहते? युरोपातील ‘सेंट्रल हीटिंग’चे गणित काय?

बॉयलर नवा, रेडिएटर नवे, गॅसचे बिल मात्र वाढलेले आणि शेवटची खोली तरीही गारठलेली... ब्रिटन, जर्मनीसारख्या देशांत हिवाळ्यात ही तक्रार नेहमीची. शिक्षण-नोकरीनिमित्त तिथे भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ती अपरिचित नाही. अशा वेळी यंत्र बदलले जाते, मोठा पंप बसवला जातो किंवा तापमान वाढवले जाते. मूळ दोष मात्र अनेकदा पाण्याच्या हिशेबात असतो. पाणी किती तापवले, किती वेगाने फिरवले आणि कोणत्या खोलीला किती वाटले, या तीन प्रश्नांची उत्तरे चुकली की महागडे यंत्रही कुचकामी ठरते. हा हिशेब नेमका काय आहे आणि हीट पंपांमुळे त्याचे महत्त्व का वाढले, याचा आढावा.

हा विषय चर्चेत कसा आला?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्याआधीच्या वर्षात जर्मनीने आयात केलेल्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू रशियाचा होता. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत ‘नॉर्ड स्ट्रीम १’ वाहिनीतून येणारा पुरवठा पूर्ण थांबला. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण घराच्या वार्षिक वीज-वायू बिलासाठी नियामकाने ठरवलेली मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती. ऑक्टोबर २०२२ साठी ती ३,५४९ पौंड जाहीर झाली. अखेर सरकारला पैसे ओतून ती २,५०० पौंडांवर रोखावी लागली.

त्या डिसेंबरमध्ये ब्रिटन सरकारने ऊर्जा बचतीची मोहीम सुरू केली. तिच्यातील एक सल्ला अनेकांना बुचकळ्यात पाडणारा होता : ‘कॉम्बी’ बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत खाली आणा. खोलीचे तापमान कमी करा, असा हा सल्ला नव्हता. खोली तेवढीच उबदार ठेवून पाणी कमी तापवायचे होते. जर्मनीने तर १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालेल्या अध्यादेशाद्वारे गॅसवर चालणाऱ्या मोठ्या निवासी इमारतींतील पाण्याचे वाटप तपासून संतुलित करणे बंधनकारक केले. दहा किंवा अधिक सदनिकांच्या इमारतींना त्यासाठी ३० सप्टेंबर २०२३, तर सहा किंवा अधिक सदनिकांच्या इमारतींना १५ सप्टेंबर २०२४ ही मुदत होती. दोन्ही देशांनी नवी यंत्रे घेण्याआधी आहे त्याच पाण्याचा नीट वापर करण्यावर भर दिला, हे लक्षणीय.

घर पाण्यानेच का तापवायचे?

उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल ऊर्जा लागते. हवेला त्याच्या चौथा हिस्सा पुरते. त्यात पाणी हवेपेक्षा कितीतरी घन. त्यामुळे समान आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. हवेसाठी जिथे रुंद डक्ट लागेल, तिथे पाण्यासाठी बोटभर जाडीचा पाइप भागतो. पाणी फिरवून घर तापवण्याच्या या पद्धतीला ‘हायड्रॉनिक हीटिंग’ म्हणतात.

रचना वरवर सोपी. आपल्याकडच्या बंबासारखेच पाणी तापते, पण ते बादलीत न जाता बंद पाइपांतून खोल्यांमधील रेडिएटरकडे जाते, तिथे उष्णता सोडते आणि थंड होऊन परत येते. तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. रेडिएटरच्या शोधाचे श्रेय साधारणपणे सेंट पीटर्सबर्गमधील उद्योजक फ्रान्झ सान-गाली यांना दिले जाते. त्यांचे काम १८५०च्या दशकातले. सुरुवातीच्या काळात पंप नसे. गरम पाणी हलके होऊन वर चढे आणि थंड झालेले जड पाणी खाली उतरे, एवढ्या बळावर पाणी फिरे. त्यासाठी पाइप मोठे आणि त्यांचे उतार नेमके ठेवावे लागत. पंप आल्यावर पाइप बारीक झाले आणि आखणीतील चुका पंपाच्या जोरावर झाकण्याची सोयही झाली.

पाणी किती तापवायचे हे कसे ठरते?

सुरुवात बॉयलरपासून नव्हे, खोलीपासून करावी लागते. कडाक्याच्या थंडीत खोलीतून किती उष्णता बाहेर जाते, हा पहिला प्रश्न. समजा, चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोली आहे. तिची एक भिंत बाहेरच्या बाजूला, त्यात दोन चौरस मीटरची दुहेरी काचेची खिडकी. वर-खाली आणि शेजारी उबदार खोल्या आहेत. आत २१ अंश हवेत आणि बाहेर उणे २ अंश आहे, म्हणजे फरक २३ अंशांचा. जुन्या भरीव विटांच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला सुमारे २ वॉट उष्णता निसटते. आठ चौरस मीटर भिंतीतून ती होते सुमारे ३७० वॉट. खिडकीतून आणखी ९० वॉट. फटींतून तासाला एकदा खोलीतील सारी हवा बदलते असे धरले, तर त्यातून सुमारे ३०० वॉट. एकूण साधारण ७६० वॉट. हीच भिंत चांगली उष्णतारोधक केली, तर तिच्यातून जाणारी उष्णता ५५ वॉटवर येते आणि खोलीची गरज ४५० वॉटपर्यंत उतरते.

दुसरा प्रश्न रेडिएटरचा. त्यावर लिहिलेली क्षमता विशिष्ट स्थितीतली असते. युरोपीय मानकानुसार ती ७५ अंशांचे पाणी आत, ६५ अंशांचे बाहेर आणि खोली २० अंशांवर असताना मोजतात. म्हणजे पाण्याचे सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त. पाणी थंड केले की क्षमता झपाट्याने घटते. आपल्या खोलीत १,५०० वॉटचा रेडिएटर असेल आणि पाणी ४५ अंशांनी जाऊन ४० अंशांनी परतत असेल, तर तो जेमतेम ५०० वॉट देतो. उष्णतारोधक केलेल्या खोलीला ते पुरेसे आहे, मूळच्या खोलीला नाही. तिथे एक तर पाणी जास्त तापवा, नाही तर सुमारे २,३०० वॉट क्षमतेचा रेडिएटर लावा. जमिनीखाली नळ्या अंथरल्या तर अख्खी फरशीच रेडिएटर होते, म्हणून तिथे अनेकदा ३५ अंशांचे पाणीही चालते.

हा हिशेब खोलीगणिक करावा लागतो. तो न करता ‘तीन बेडरूमचे घर म्हणजे अमुक किलोवॉट’ असा ठोकताळा लावला की पुढच्या तक्रारींचे बीज तिथेच पडते.

कमी तापमानामुळे गॅस कसा वाचतो?

वायू जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि धुराबरोबर चिमणीतून निघून जाते. तिच्यात इंधनातील सुमारे दहा टक्के ऊर्जा दडलेली असते. ‘कंडेन्सिंग’ बॉयलर ही वाफ पुन्हा द्रवरूप करून ती ऊर्जा परत मिळवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून, मोजके अपवाद वगळता, नव्याने बसवले जाणारे गॅस बॉयलर या प्रकारचेच असावे लागतात.

मात्र वाफ द्रवरूप होण्यासाठी तिला थंड पृष्ठभाग मिळावा लागतो. तो मिळतो रेडिएटरकडून परतणाऱ्या पाण्यामुळे. हे परतीचे पाणी साधारण ५५ अंशांपेक्षा थंड असेल तरच वाफ द्रवरूप होऊ लागते आणि ते जितके थंड, तितकी जास्त उष्णता हाती येते. पाणी ८० अंशांनी पाठवले आणि ६० अंशांनी परत आले, तर ‘कंडेन्सिंग’ हे नाव फक्त खोक्यावर उरते. घराघरांत हेच घडत होते. बॉयलर बसवताना तापमान ७५-८० अंशांवर ठेवले जाई आणि कोणी त्याला पुन्हा हात लावत नसे. ते ६० अंशांवर आणल्यास गॅसचा वापर साधारण ६ ते ८ टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असा अंदाज तेव्हा देण्यात आला. त्यासाठी घरमालकाला करावे लागते ते एवढेच : बॉयलरवरील एक बटण फिरवणे. कडक थंडीत घर तापत नाही असे वाटले, तर तापमान थोडे वाढवता येते.

यापुढची पायरी म्हणजे बाहेर बसवलेल्या सेन्सरकडून हवामान पाहून पाण्याचे तापमान आपोआप ठरवणे. बाहेर उणे ५ अंश असताना ५५ अंशांचे पाणी लागत असेल, तर बाहेर १० अंश असताना ३५-४० अंशांचे पुरते. ही पद्धत जर्मनीत रुळलेली आहे. ब्रिटनमधील घरांत ती उशिरा पोहोचली.

मोठा बॉयलर बसवला तर काय बिघडते?

ब्रिटनमधील लोकप्रिय ‘कॉम्बी’ बॉयलर खोल्या तापवतो आणि नळालाही लगेच गरम पाणी देतो. शॉवरसाठी मिनिटाला दहा लिटर पाणी १० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचे, तर सुमारे २४ किलोवॉट शक्ती लागते. त्याच घराला कडाक्याच्या थंडीत खोल्या तापवायला मात्र ७ किलोवॉट पुरतात. बाहेर १० अंश असेल, तर साडेतीन किलोवॉटही पुष्कळ होतात.

बॉयलरची ज्योत एका मर्यादेखाली मंद करता येत नाही. ती मर्यादा ६ किलोवॉट असेल आणि घराला साडेतीनच हवे असतील, तर बॉयलर पेटतो, पाणी काही मिनिटांत ठरलेल्या तापमानाच्या वर जाते, बॉयलर विझतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पेटतो. शहरातल्या गर्दीत सतत ब्रेक लावत चालणाऱ्या गाडीसारखी त्याची गत होते. गॅस वाया जातो आणि सुटे भागही लवकर झिजतात. अनेक बॉयलरमध्ये खोल्या तापवण्यासाठीची कमाल शक्ती वेगळी ठरवण्याची सोय असते. पण बसवताना ती वापरली जातेच असे नाही. अधिक क्षमता म्हणजे अधिक सुरक्षितता, हा समज इथे उलटा पडतो. बॉयलर निवडताना त्याची कमाल शक्ती सगळे पाहतात, किमान शक्ती फार थोडे विचारतात.

शेवटची खोली थंड का राहते?

कालव्याच्या पाण्याचा प्रश्न ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. मुखाजवळच्या शेतांना हवे त्याहून जास्त पाणी मिळते आणि ‘टेल’च्या शेतकऱ्यापर्यंत ते पोहोचतच नाही. घरातील पाणीही सोपी वाट धरते. बॉयलरजवळचा रेडिएटर भसाभसा पाणी घेतो, ते पुरेसे थंड न होताच परतते आणि लांबच्या खोलीतील रेडिएटरला उरलेसुरले मिळते.

यावर सर्रास केले जाणारे दोन उपाय म्हणजे पंपाचा वेग वाढवणे आणि पाणी आणखी तापवणे. दोन्हींमुळे शेवटची खोली थोडी सुधारते, पण पहिली खोली भट्टी होते. तिथले लोक खिडकी उघडतात आणि विकत घेतलेली उष्णता रस्त्यावर जाते. व्हॉल्व्हमधून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो आणि परतीचे पाणी गरम राहिल्याने बॉयलरची कार्यक्षमताही घसरते.

खरा उपाय मुखाशी आहे. प्रत्येक रेडिएटरला दोन व्हॉल्व्ह असतात. एक रोजच्या वापराचा, खोलीच्या तापमानानुसार उघडझाप करणारा. दुसरा टोपीखाली झाकलेला, एकदाच जुळवून ठेवण्याचा. हा दुसरा व्हॉल्व्ह जवळच्या रेडिएटरवर बऱ्यापैकी आवळायचा आणि लांबच्या रेडिएटरवर मोकळा ठेवायचा. मग पाणी आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाइपांचे तापमान मोजत, सर्व रेडिएटरवर फरक साधारण सारखा येईपर्यंत थोडे थोडे फिरवत राहायचे. जर्मनीतील अध्यादेशाने इमारतींकडून अपेक्षिलेले संतुलन ते हेच; फक्त तिथे खोलीगणिक उष्णतेची गरज काढून त्यानुसार प्रत्येक व्हॉल्व्हचे माप ठरवावे लागते. साहित्याचा खर्च थोडा, पण कारागिराचा वेळ मोठा. त्यामुळेच हे काम सर्वाधिक टाळले जाते.

दोष नेमका कुठे आहे, हे कसे ओळखतात?

अनुभवी तंत्रज्ञ सुटे भाग बदलण्याआधी हात आणि थर्मामीटर वापरतो. रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम असेल, तर आत हवा अडकली आहे. बाजूच्या छोट्या स्क्रूने ती काढता येते. मात्र दर महिन्याला हवा काढावी लागत असेल, तर एक तर कुठून तरी हवा आत ओढली जाते आहे किंवा आतल्या गंजामुळे हायड्रोजन वायू तयार होतो आहे. रेडिएटर वरून गरम पण तळाशी मधोमध थंड असेल, तर तिथे काळा गाळ साचला आहे. हा गाळ म्हणजे लोखंडाचाच एक ऑक्साइड, मॅग्नेटाइट. तो चुंबकाला चिकटतो, म्हणून परतीच्या पाइपवर चुंबकीय फिल्टर बसवतात.

एकच रेडिएटर पूर्ण थंड आणि बाकी सारे गरम असतील, तर तापमान नियंत्रक व्हॉल्व्हमधील पिन उन्हाळाभर न हलल्याने चिकटलेली असू शकते. उन्हाळ्यात खोल्यांचे हीटिंग बंद असूनही नळाचे पाणी तापवताना रेडिएटर गरम होत असतील, तर पाण्याची दिशा बदलणारा मोटरचा व्हॉल्व्ह अडकल्याचा संशय घेतात. बॉयलर लगेच बंद पडतो आणि सगळे रेडिएटर कोमट, असे असेल तर पाणी फिरतच नाही. पंप, फिल्टर किंवा तुंबलेला पाइप यांची तपासणी आधी करावी लागते.

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यातील तापमानाचा फरक. तो अपेक्षेपेक्षा फार मोठा असेल, तर पाणी कमी फिरते आहे. फार लहान असेल, तर पाणी गरजेपेक्षा जास्त फिरते आहे किंवा रेडिएटरपर्यंत न जाता मधल्याच वाटेने परतते आहे. हे दोन आकडे न पाहता बदललेला पंप म्हणजे अंधारात मारलेला दगड.

प्रेशर वारंवार का उतरतो?

पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर गेले की त्याचे आकारमान सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. बंद पाइपांत ही वाढ सामावून घेण्यासाठी एक टाकी असते. तिच्यात रबरी पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. घरगुती यंत्रणेत थंड स्थितीतील दाब साधारण १ ते १.५ बार ठेवतात आणि ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो.

टाकीतील हवा निघून गेली किंवा पडदा फाटला, की वाढलेल्या पाण्याला जागा उरत नाही. यंत्रणा तापताच काटा ३ बारकडे धावतो आणि सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर पडते. थंड झाल्यावर काटा शून्याकडे येतो. घरातील माणूस नळ उघडून पाणी भरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गळती कुठेच सापडत नाही, कारण पाणी भिंतीबाहेरच्या पाइपमधून गेलेले असते. याहून मोठे नुकसान पुढे होते. प्रत्येक वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजू लागतो. त्या गंजाचा गाळ होतो, गाळाने पाइप तुंबतात आणि शेवटी ‘बॉयलर खराब झाला’ असे निदान होते. सुरुवात झालेली असते टाकीतील हवेपासून. म्हणूनच पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागणे, हा दुर्लक्ष न करण्याजोगा इशारा मानला जातो.

हीट पंपांमुळे हा हिशेब कळीचा का ठरला?

हीट पंप एसीच्या उलट काम करतो. बाहेरच्या थंड हवेतून किंवा जमिनीतून उष्णता ओढून ती घरातील पाण्याला देतो. एक युनिट विजेत तो अनेकदा तीन युनिट उष्णता मिळवून देतो. मात्र हे गुणोत्तर पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. पाणी जितके जास्त तापवायचे, तितकी वीज जास्त. जर्मनीतील फ्राउनहोफर सौरऊर्जा संस्थेने जुन्या घरांतील पंपांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांचे सरासरी गुणोत्तर ३.१, तर जमिनीतून घेणाऱ्यांचे ४.१ आढळले. ब्रिटनमध्ये ७४२ घरांत झालेल्या सरकारी प्रयोगात हवेवरील पंपांचे गुणोत्तर साधारण २.८ च्या आसपास राहिले.

ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या युनिटपेक्षा साधारण चौपट महाग. त्यामुळे चांगल्या गॅस बॉयलरशी खर्चाची बरोबरी साधायला हे गुणोत्तर सुमारे साडेतीन लागते. म्हणजे २.८ आणि ३.५ यांतील फरक कुटुंबाला बचत होणार की भुर्दंड बसणार, हे ठरवतो. हा फरक बऱ्याच अंशी पंपाच्या ब्रँडपेक्षा पाइप, रेडिएटर आणि तापमानाच्या आखणीतून येतो.

अडचण पाण्याच्या प्रमाणाचीही आहे. बॉयलरच्या यंत्रणेत पाणी २० अंशांनी थंड होऊन परतते असे धरले, तर ७ किलोवॉटसाठी मिनिटाला ५ लिटर पाणी पुरते. हीट पंपात हा फरक साधारण ५ अंशांचा ठेवतात. तेवढ्याच उष्णतेसाठी मिनिटाला २० लिटर पाणी फिरवावे लागते. प्रवाह चौपट झाला की पाइपमधील अडथळा साधारण सोळापट होतो. बॉयलरला पुरणारे ८ किंवा १० मिलिमीटरचे बारीक पाइप इथे गळा आवळतात.

मग प्रवाह सुरळीत करण्यासाठी मध्ये ‘बफर’ टाकी बसवली जाते. तिच्या दोन बाजूंचे प्रवाह जुळले नाहीत, तर गरम आणि परतीचे पाणी टाकीतच मिसळते. पंप ५० अंशांचे पाणी बनवतो आणि रेडिएटरला ४५ अंशांचे मिळते. घर तापत नाही म्हणून पंपाचे तापमान वाढवले जाते आणि बिल चढते. दमट थंडीत बाहेरच्या युनिटवर बर्फ जमतो. तो वितळवण्यासाठी पंप काही मिनिटे उलटा चालून घरातल्याच पाण्यातून उष्णता घेतो. सगळ्या खोल्यांचे व्हॉल्व्ह बंद असतील, तर त्यासाठी पुरेसे पाणीच उपलब्ध नसते. प्रत्येक खोलीला ‘स्मार्ट’ व्हॉल्व्ह लावून बचत करण्याची सवय इथे अंगलट येऊ शकते.

तापमान कमी करताना कोणती काळजी हवी?

आंघोळीचे पाणी टाकीत साठवणाऱ्या घरांत टाकीचे तापमान सरसकट कमी करणे धोक्याचे. कोमट साठलेल्या पाण्यात ‘लिजिओनेला’ जिवाणू वाढतात आणि त्यांमुळे गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणूनच साठवलेले पाणी ६० अंशांवर ठेवण्याचा सल्ला दिला जातो आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान वेगळे ठरवता येत नसेल, तर त्याला हात लावण्याआधी तंत्रज्ञाला विचारणे योग्य. वृद्ध, तान्ही मुले आणि आजारी व्यक्ती असलेल्या घरांत खोली पुरेशी उबदार राहते आहे ना, हे पाहणे बचतीपेक्षा महत्त्वाचे. बटण फिरवणे किंवा रेडिएटरमधील हवा काढणे घरच्या घरी जमते. बॉयलरचे झाकण उघडून गॅसच्या भागांवर काम करणे मात्र ब्रिटनमध्ये ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाचेच काम. भाडेकरूंनी कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी, रेडिएटरचा कोणता भाग थंड राहतो याची नोंद ठेवून घरमालकाला दिल्यास निदान बरेच सोपे होते.

पुढे काय?

इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून नव्याने किंवा पूर्णपणे बदलून बसवल्या जाणाऱ्या यंत्रणा कमाल ५५ अंशांच्या पाण्यावर चालतील अशाच आखाव्या लागतात. आज बॉयलर असला तरी उद्या हीट पंप जोडता यावा, हा हेतू. इंग्लंड-वेल्समध्ये हीट पंपासाठी ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंडांचे अनुदान मिळते आणि २०२८ पर्यंत ब्रिटनमध्ये वर्षाला सहा लाख पंप बसवण्याचे लक्ष्य २०२० मध्ये जाहीर झाले होते. पंप कारखान्यात बनतील, पण प्रत्येक घराचा हिशेब त्या घरात जाऊनच करावा लागेल आणि तो करणारे हात कमी आहेत. चुकीच्या आखणीमुळे गारठलेले एक घर शेजारच्या दहा घरांचा विश्वास उडवते, ही धोरणकर्त्यांची खरी चिंता.

डेन्मार्कने या शिस्तीला पैशाची जोड दिली आहे. तिथे जवळपास दोनतृतीयांश घरे शहरभर फिरणाऱ्या सामायिक गरम पाण्यावर तापतात. अनेक पुरवठादार ग्राहकाचे परतीचे पाणी किती थंड आहे, हेही मोजतात. पाणी नीट थंड करून परत पाठवणाऱ्याला बिलात सवलत आणि गरमच परत पाठवणाऱ्याला जादा आकार. त्यामुळे तिथे नादुरुस्त व्हॉल्व्ह बिलात लगेच दिसतो. इतरत्र तो वर्षानुवर्षे शेवटच्या खोलीतील गारठ्याच्या रूपात सोसला जातो.